दान-बीनं काय उचललं

"तुमचं बाळ तुमच्यापासून साधारण किती लांब असतं?" दुकानदारानं विचारलं.

ह्वांग गी-तेकच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो कॅमेऱ्याची लेन्स घ्यायला आला होता, घरच्या चौकशा ऐकायला नव्हे. "माझं बाळ माझ्यापासून लांब का असेल?" तो म्हणाला. "सख्खा बाप आहे मी तिचा!"

"तसं नव्हे हो. पोर हातभर अंतरावर खेळत असेल तर ही छोटी लेन्स बरी. आणि पट्टा आखूड, रुंद घ्या. लांब पट्टा असला की वाकल्यावर कॅमेरा झुलतो, नेमका बाळाच्या कपाळाला लागतो."

ती लेन्स तळहातावर मावत होती. एवढीशी वस्तू हातात ठेवून हा माणूस आपली पायरी दाखवतोय, अशी गी-तेकची खात्रीच पटली. त्यात गेल्या रविवारी सासूबाईंनी लावलेली आग अजून विझली नव्हती. दान-बीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो आपण स्वतः काढणार, असं त्यानं जाहीर केलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "जावईबापू, दोलजाबी एकदाच होते. समोर मांडलेल्यातनं पोर जे उचलेल, ते तिचं नशीब. तेवढ्यात तुमचं बटण दाबायचं राहिलं तर? एखादा चांगला फोटोवाला बोलवा की!"

चांगला! म्हणजे बाप वाईट! एक वर्ष ज्यानं लंगोट बदलले, त्याला एक बटण दाबता येणार नाही?

मेहुणा ह्योन-जिक तेवढा त्याच्या बाजूनं बोलला. तो नदीकाठी करकोच्यांचे फोटो काढायचा. "दाजी, लहान पोरं आणि करकोचे, दोघांची तऱ्हा एकच. जवळ गेलं की बिघडतात. लांबची लेन्स घ्या."

तेव्हा गी-तेकनं कोपरापर्यंत पोचेल एवढी लेन्स घेतली आणि दुकानदाराच्या नाकावर टिच्चून लाल चामड्याचा लांबलचक पट्टाही घेतला.

वाढदिवस देजोन शहरातल्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होता. भाड्याचा रेशमी हानबोक, म्हणजे सणासुदीचा पायघोळ कोरियन पोशाख, घालून गी-तेक सज्ज झाला. बुटक्या मेजावर दोऱ्याची गुंडी, पेन्सिल, नोटा, चेंडू मांडलेले होते. सासूबाईंनी स्टेथोस्कोप हळूच बाळाच्या उजव्या हाताशी सरकवला. गी-तेकनं कॅमेऱ्याला डोळा लावला. दान-बीची एक नाकपुडी दिसली. बाकी काहीच नाही.

तो दोन पावलं मागे सरला. आता दोन्ही नाकपुड्या आल्या. आणखी मागे सरला, तर मामेसासऱ्यांच्या सूपमध्ये त्याची बाही बुडाली.

"दान-बीचे बाबा, कुठं निघालात?" सो-रा म्हणजे त्याची बायको ओरडली.

"मेज आणि पोर एकत्र यायला नको का?"

"मग साधा फोन घ्या ना हातात!"

फोन! आईच्या वळणावर गेली शेवटी. तो रागारागानं मागे मागे सरत दारापाशी आला, दारातून पॅसेजमध्ये गेला. अजून चित्रात मेजाचं एक टोक कापलं जात होतं. समोरच्या हॉलचं दार सताड उघडं होतं. त्यानं पाठमोराच त्यात पाय टाकला, आणि काय सांगावं, दोन्ही दारांतून चित्र अस्सं जुळून आलं! मधोमध दान-बी, पुढ्यात मेज, मागे केक. त्यानं श्वास रोखला.

तेवढ्यात कुणीतरी त्याला लाल पट्ट्याला धरून मागे खेचलं.

"आत्ता येताय होय?" गुलाबी हानबोकमधली एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. त्या हॉलमध्ये तिच्या सासऱ्यांच्या सत्तरीचा सोहळा चालला होता. "तासभर वाट बघतोय आम्ही! आणि आलात ते पण पाठ करून!"

"मी फोटोवाला नाही!"

"मग हे काय लटकलंय गळ्यात? मुळा?"

"बाई, मी बाप आहे!"

"बाप आमच्याकडे आहेत आमचे. ते बघा, खुर्चीत बसलेत. त्यांना घ्या आधी."

पलीकडून निवेदकाचा आवाज घुमला. "एक... दोन... उचला, दान-बी!" गी-तेकनं धडपडत कॅमेरा डोळ्याला लावला. भिंगात आला सत्तर वर्षांच्या आजोबांचा हसरा चेहरा. फोटोसाठी म्हणून ते खुर्चीतून उठून थेट दारात येऊन उभे राहिले होते.

"आजोबा, सरा बाजूला!" गी-तेक जवळजवळ रडकुंडीला आला. त्याच्या पोरीचं नशीब पलीकडे उचललं जात होतं, आणि इथं मध्ये परका सासरा!

आजोबा बिचारे सरले. मेज दिसलं. दोरा, पेन्सिल, नोटा, सगळं जागच्या जागी होतं. फक्त दान-बी नव्हती.

दान-बीनं मेजावर नजर फिरवली होती, मग बाबा नेहमी असायचे तिकडे पाहिलं होतं, आणि तिथं कुणीच नाही म्हटल्यावर ती चक्क त्यांना शोधायला निघाली होती. निवेदक बोलत होता, "दोरा सोडला... पैसे सोडले... स्टेथोस्कोपवरनं गुडघा गेला..." मागून आई, आजी, मामा आणि चाळीस पाहुणे येत होते. पॅसेज ओलांडून ती रांगत आली, गी-तेकचा हानबोक धरून उभी राहिली आणि लोंबणारा लाल पट्टा तिनं घट्ट पकडून तोंडात घातला. गी-तेकनं बटण दाबलं. इतक्या जवळचं त्या लेन्सला काही दिसतच नव्हतं. नुसता धुरकट गुलाबी डाग आला.

"अरे देवा!" सासूबाई कडाडल्या. "एवढं सगळं मांडलं होतं, आणि पोरीनं उचललं काय, तर बाप!"

"हरकत नाही," निवेदक समजुतीनं म्हणाला. "परत मेजाशी बसवू. फोटोसाठी सगळेच दुसऱ्यांदा उचलायला लावतात."

दोन आठवडे गी-तेक त्या एका फोटोसाठी सगळ्यांशी भांडत होता. आता तो आयताच मिळत होता. पण त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"परत कशाला? तिनं उचललंय!" तो गरजला. "चुकली काय ती?"

त्यानं पट्ट्याची कडी सोडली, कॅमेरा मेहुण्याच्या हातात कोंबला आणि पट्ट्यासकट पोरीला कडेवर घेतलं.

ह्योन-जिकनं डोळा लावला. "दाजी, फार जवळ आहात. जरा लांब व्हा ना."

"नाही होणार," गी-तेक म्हणाला.