सात्त्विक शेळी

आपला पैसा वाढावा असं प्रत्येकाला वाटतं आणि आपल्या हातून पाप घडू नये असंही वाटतं. या दोन इच्छा एकाच सभ्य गृहस्थाच्या ठायी नांदू लागल्या, की त्याच्या सेवेसाठी एखादी संस्था स्थापन होणं ओघानंच येतं. सोलापुरात ती ‘अजामृत पशुधन विकास’ या नावानं स्थापन झाली.

संस्थेची योजना इतकी सोपी होती की शंका घ्यायला जागाच ठेवलेली नव्हती. तुम्ही शहरात बसून शेळी विकत घ्यायची. शेळी कुंभारी गावाच्या पुढे माळावर चरणार, विणार, तिच्या करडांना करडं होणार आणि तुम्हाला घरबसल्या दरमहा परतावा येणार. (दर किती, ते पुढे येईलच.) शेळीचा फोटो, कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि मालकीचा दाखला मिळायचा. शेळीला नाव ठेवण्याची मुभा होती. नाव बदलायचं असल्यास शंभर रुपये आणि दोन साक्षीदार.

वेणीमाधवराव कोषागार कचेरीतून निवृत्त झालेले. एका महसुली तिकिटाच्या कमतरतेपायी त्यांनी भल्याभल्यांची बिलं परत पाठवली होती. असा माणूस फसणं शक्यच नव्हतं. त्यांनी दाखला उजेडात धरून पाहिला. गोल शिक्का होता, चौकोनी शिक्का होता, दोन्ही जांभळ्या शाईत होते, जावक क्रमांक होता आणि सही कुणालाही वाचता येत नव्हती, म्हणजे ती साहेबाचीच होती. शेळी आहे की नाही, हे बघण्याचं काम कोषागाराकडे कधीच नसतं.

अडचण एकच होती. घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही, आणि वाढलेले बोकड शेवटी जातात कुठे, हे न कळण्याइतके वेणीमाधवराव भोळे नव्हते. त्यांनी संस्थेचे अध्यक्ष शहाजीराव यांना सरळ विचारलं. शहाजीरावांचे डोळे भरून आले.

“सर, आजवर शेकड्यानं लोक आले, पर हा सवाल कुनी केला न्हाय. तुमच्यासारख्यांसाठीच आपली सात्त्विक शेळी हाय. बोकड इकायचा न्हाय, दूध काढायचं न्हाय, समदं करडांना. म्हातारी हुस्तवर सांभाळायची. निस्ता अर्धा टक्का कमी पडंल.”

बोकड विकायचे नाहीत, दूध काढायचं नाही, मग परतावा येणार कुठून, हा प्रश्न वेणीमाधवरावांना पडला नाही. त्यांना पापाचा प्रश्न पडला होता, आणि तो अर्ध्या टक्क्यात सुटला होता.

आता पैशांचं. पैसे पत्नी शकुंतलाबाईंच्या गुडघ्यांसाठी ठेवलेले होते. वेणीमाधवराव राहतात तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि दोन्ही गुडघे बदलावे लागतील असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलेलं. दिवाळीपासून बाई खाली उतरल्या नव्हत्या. भाजीवाला आला की गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी सोडायच्या आणि वर ओढून घ्यायच्या. हिशेब केला, तर डाव्या गुडघ्यात अकरा शेळ्या बसत होत्या.

“अहो, मला जिना उतरवत नाही आणि तुम्ही शेळ्या कसल्या घेताय?”

“अगं, वर्षभर कळ काढ. मुद्दल शाबूत राहील आणि नुसत्या करडांवर दोन्ही गुडघे होतील.”

“मला करडं नकोत हो, गुडघे पाहिजेत,” बाई म्हणाल्या.

पण परतावा पहिल्याच तारखेला आला! दुसऱ्या महिन्यातही आला. वेणीमाधवरावांनी ही गोष्ट भजनी मंडळात हळूच सांगितली, आणि हळू सांगितलेली गोष्ट सोलापुरात किती लांब जाते हे वेगळं सांगायला नको. सतरा जणांनी शेळ्या घेतल्या. दर माणसामागे वेणीमाधवरावांना एक करडू बक्षीस मिळालं. (कागदावर. पण गोल शिक्क्यासह.)

मग संस्थेनं ‘मालक-शेळी भेट’ काढली. बस, टोप्या, कडक भाकरी आणि शेंगाचटणी, सगळा बंदोबस्त चोख. माळावर गोजाबाई नावाची धनगरीण तीस शेळ्या घेऊन उभी होती. वेणीमाधवरावांनी शारदा नाव ठेवलेली शेळी त्यांत सापडली. पांढरी, डाव्या कानावर काळा ठिपका. तिनं त्यांच्या धोतराचा सोगा खाल्ला, तो त्यांनी कौतुकानं खाऊ दिला. त्यांचं मन भरून आलं. तरीही कोषागारातला माणूस तो. त्यांनी गोजाबाईला बाजूला घेऊन चौकशी केली.

“बाई, या शेळ्या कुणाच्या?”

“आता कंपनीच्या. आदी माज्याच व्हत्या की. सायबानं इकत घेतल्या आन त्येच पैशे म्या कंपनीच्या शेळ्यांत घातलं.”

“म्हणजे खऱ्या शेळ्या विकून तुम्ही दाखल्यावरच्या घेतल्या?”

“व्हय की! माज्या शेळीला चारा लागायचा, पावसात भिजली की खोकायची, लांडगा न्ह्यायचा. त्या कागदावरच्या शेळीला काय बी हुईत न्हाय. लई गुनाची शेळी हाय ती, आजोबा. आन तुमच्यावानी शिकल्यासवरल्याली मानसं पैशे घालत्यात म्हनल्यावर आमी कशाला भ्यावं?”

वेणीमाधवराव गहिवरले. जिचं सारं आयुष्य शेळ्यांमागं गेलं, ती बाई जिथं पैसे टाकते, तिथं आपण कसला विचार करत बसलोय! परत आल्यावर त्यांनी उजवा गुडघाही गुंतवला. उजव्यात तेरा शेळ्या बसल्या, कारण सणाची सूट चालू होती.

पुढच्याच महिन्यात जुळे सोलापूर भागातल्या कार्यालयाला कुलूप लागलं. शहाजीराव, संगणक, पाण्याचा कूलर असं सगळं गेलं. पाटीवर काढलेली शेळी तेवढी जागेवर राहिली.

पोलिसांनी तपास अत्यंत बारकाईनं केला. शेळीमालक चार हजारांवर निघाले, दाखल्यांवरच्या शेळ्या साठ हजारांवर, आणि माळावर प्रत्यक्ष सापडल्या एकतीस. मधल्या काळात एक शेळी व्यायली होती. संस्थेच्या सगळ्या कारभारात झालेली वाढ म्हणजे ते एकच करडू. शारदेच्या फोटोवर तर दोनशेच्या वर मालकांनी हक्क सांगितला. कुणी तिला लक्ष्मी म्हणत होतं, कुणी दानेश्वरी, आणि प्रत्येकाचा सोगा, पदर नाहीतर रुमाल तिनं खाल्लेला होता.

जप्त शेळ्या गोजाबाईकडेच सांभाळायला दिल्या. बिनपगारी. “माज्याच शेळ्या, आन मलाच इकता येत न्हाईत,” ती म्हणाली आणि शेळ्या घेऊन चालू लागली. शेळ्यांना कायदा माहीत नसल्यानं त्यांना चारा लागतच होता.

फसलेल्यांची समिती झाली. लिलाव करावा असं ठरलं, पण बोली लावायला मटणाचा व्यापारी तेवढा आला. तेव्हा वेणीमाधवराव उभे राहिले. “आम्ही सात्त्विक शेळी घेतलेली आहे. आमच्या पैशाला रक्त लागता कामा नये.” सभेनं टाळ्या वाजवल्या. शेळ्या वाचल्या. चाऱ्यासाठी दर मालकानं दरमहा वर्गणी द्यावी असा ठराव झाला. वेणीमाधवराव ती पहिल्या तारखेला भरतात. शहाजीरावांचा परतावाही पहिल्याच तारखेला यायचा.

ही हकीकत सोलापुरात आता पुष्कळांना सांगून झाली. ऐकणारा हळहळतो, हसतो, ‘शिकलेली माणसं अशी कशी हो फसतात’ म्हणतो. मग खुर्ची जरा पुढे ओढतो, इकडेतिकडे बघतो आणि आवाज खाली आणून विचारतो, “पण दर किती देत होते?”

तुम्हीही मघापासून त्या कंसाची वाट बघताय, हे काय आम्हाला दिसत नाही? घ्या. महिन्याला पाच टक्के, सात्त्विकला साडेचार. झाला गुणाकार?

शकुंतलाबाईंच्या गुडघ्यांचं पुढे काय झालं, हे मात्र आजवर एकानंही विचारलेलं नाही.