शेजारचा रकाना

माणूस किती जेवतो हे त्याचं त्यालाच सर्वांत चांगलं माहीत असतं, या गृहीतकावर कंपन्यांमधलं सगळं भोजननियोजन उभं आहे. तसं विचारणं सोपं आहे आणि उत्तराखाली सही घेता येते. एखादी गोष्ट खरी ठरायला कार्यालयात याहून अधिक काही लागत नाही.

आमची कंपनी वजनकाटे बनवते. मी अचूकता तपासणी विभागात आहे. वार्षिक मेळाव्यासाठी ‘किफायतशीर भोजन नियोजन समिती’ नेमली, तेव्हा मला तिच्यात घेतलं, कारण मी दशांश चिन्हाला घाबरत नाही. अध्यक्ष होते वित्तप्रमुख. तिसऱ्या सदस्य मनुष्यबळ विभागाच्या बाई. त्या प्रत्येक बैठकीला हजर असत आणि इतिवृत्तात तसं लिहून घेत.

गेल्या वर्षी सत्तर ताटांचं अन्न उरलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी कमी पडलं होतं (त्या मेळाव्याची छायाचित्रं सूचनाफलकावर लावलेली नाहीत). म्हणून समितीने काही उपाय बैठकांच्या जेवणात तपासून पाहिले. छोटी ताटं ठेवली, तर लोक दोनदा आले. मोठी ठेवली, तर एकदाच आले, पण परतताना त्यांना दोन्ही हात लागले. जेवणाआधी लांब भाषण ठेवावं असंही सुचवलं गेलं. भाषणाने भूक मरते असा वित्तप्रमुखांचा समज होता. प्रत्यक्षात मरते ती श्रोत्यांची लाजलज्जा, भूक वाढतेच. शेवटी असं ठरलं, की लोकांनाच विचारावं.

या वर्षीचं काम माझ्या वहिनीने मागितलं होतं. ती माझी सख्खी वहिनी आहे, हे मी समितीला लेखी कळवलं. समितीने त्याचा अर्थ ‘दर कमी लागेल’ असा घेतला आणि हरकत नसल्याची नोंद केली. वहिनी तेव्हा घरच्या ओट्यावरून बारा डबे पाठवायची. हा मेळावा नीट पार पडला, तर कंपनीच्या वर्षभराच्या सगळ्या बैठकांचं जेवण तिच्याकडे येणार होतं. त्या भरवशावर तिने एक मोठी शेगडी आणली होती आणि तीन बायकांना कामाचा शब्द दिला होता. अट एकच. जेवण कमी पडलं तरी करार नाही, आणि दहा ताटांहून जास्त उरलं तरी नाही.

मी ‘आपण किती जेवाल?’ असा एका रकान्याचा फॉर्म तयार केला आणि तिला दाखवायला घेऊन गेले. ती भाजी चिरत होती. तिने सुरी खाली न ठेवताच तो वाचला.

“हे कोण भरणार?”

“ज्याचं तो.”

“मग मी एक पातेलं आणते आणि दुपारीच घरी येते. अगं, ज्याला त्याला स्वतःबद्दल विचारलंस तर सगळे उपाशी. शेजाऱ्याला विचार.”

“शेजाऱ्याला कसं कळणार?”

“तुझ्या दादाला विचार त्याने काल किती खाल्लं. मग मला विचार.”

दादा आतल्या खोलीतून म्हणाला, “मी काल नीट जेवलोच नाही.” वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चिरायला लागली.

पद्धत म्हणून यात चूक काढता येईना. आमच्या विभागातही कोणत्या काट्याला ‘तू बरोबर आहेस ना?’ असं विचारत नाहीत. त्याच्यावर दुसरं, खात्रीचं वजन ठेवून बघतात. मी फॉर्मवर दुसरा रकाना काढला: ‘आपल्या उजव्या हाताला बसणारी व्यक्ती किती ताटं जेवेल?’ (रांगेतल्या शेवटच्याने पहिल्याबद्दल लिहायचं. त्यामुळे प्रत्येकाची नोंद एकदाच होते.)

पहिला रकाना भरून यायला तीन दिवस आणि दोन स्मरणपत्रं लागली. एकशे ऐंशी कर्मचाऱ्यांपैकी एक्कावन्न जणांनी ‘काही नको’ लिहिलं, बत्तीस जणांनी ‘नुसतं सूप’ आणि अठ्ठ्याऐंशी जणांनी ‘अर्धं ताट’. पूर्ण ताट मागणारे नऊ निघाले (सगळे मालवाहतूक विभागातले, अशा प्रश्नाला एक बरोबर उत्तर असतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं). सूप म्हणजे पाव ताट धरलं, तर बेरीज एकसष्ट होत होती.

दुसऱ्या रकान्याला चाळीस मिनिटं लागली. तिथे फक्त आकडा लिहायचा होता, पण तेवीस जणांनी जास्तीचे कागद मागून घेतले. एकाने आकृती काढून दिली. ‘सूप सूप करेल आणि गोडाच्या पातेल्यापाशी उभा राहील,’ अशा अर्थाची एकोणीस निवेदनं आली. त्यांतली चार एकाच माणसाबद्दल होती, म्हणजे तीन जणांनी आपला उजवा हात सोडून लांबवर पाहिलं होतं. वित्तप्रमुखांनी स्वतःबद्दल ‘नुसतं सूप’ लिहिलं होतं. त्यांच्या डावीकडे चौदा वर्षं बसणाऱ्या सचिवबाईंनी लिहिलं होतं, ‘दोन. पहिलं सगळ्यांसमोर, दुसरं खांबामागे.’

या रकान्याची बेरीज दोनशे चौदा झाली.

मी दोन्ही आकडे समितीपुढे ठेवले. वित्तप्रमुख म्हणाले, “दुसरा रकाना ऐकीव आहे. पहिल्यावर सह्या आहेत.” त्यांनी एकसष्ट ताटं मंजूर केली. वर जितकी ताटं प्रत्यक्ष उचलली जातील, तितक्यांचेही पैसे मिळतील, असं कलम त्यांनी मोठ्या मनाने घातलं. त्या कलमाचा खर्च त्यांच्या हिशेबाने शून्य होता.

मी वहिनीला अधिकृत आकडा कळवला: एकसष्ट. त्यानंतर रविवारी तिच्याकडे जेवायला गेले आणि दुसऱ्या रकान्याचे सगळे कागद तिच्या ओट्यावर विसरून आले. (मी सहसा काही विसरत नाही. दादानेही हे बोलून दाखवलं.)

मेळाव्याच्या दुपारी वहिनीच्या गाडीतून पातेली उतरू लागली आणि उतरतच राहिली. वित्तप्रमुखांनी ती दुरून मोजली.

“बाई, तुम्हाला एकसष्ट सांगितलं होतं.”

“हो, साहेब. बाकीचं उरलं तर माझं.”

“मग वर्षभराचं विसरा.”

“तेही माझंच,” वहिनी म्हणाली आणि झाकणं काढायला लागली. शब्द दिलेल्या त्या तीन बायका शेजारी उभ्या होत्या. त्यांनी ताटं मांडायला घेतली.

भाषण संपलं. पहिल्या अकरा मिनिटांत एकसष्ट ताटं गेली. ‘काही नको’ गटाने शिस्तीचं दर्शन घडवलं. तो रांगेत सर्वांत पुढे होता. ‘अर्धं ताट’ गटाने शब्द पाळला आणि अर्धं ताट दोनदा, क्वचित तीनदा घेतलं. हॉलच्या कोपऱ्यातल्या खांबामागे वहिनीने एक छोटं टेबल लावलं होतं, त्यावर चमचा, रुमाल आणि पाण्याचा पेला. तीन वाजता वित्तप्रमुख फोनवर बोलायला म्हणून तिकडे गेले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि फोन खिशात ठेवला.

तीन चाळीसला मी रिकामी ताटं मोजली. दोनशे तेरा. एकाची तफावत होती, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्याही आत. मी समाधानाने नोंद करत होते, तेवढ्यात वहिनी एक झाकलेलं ताट घेऊन आली.

“हे तुझं.”

“मी ‘काही नको’ लिहिलं होतं.”

तिने पदराच्या टोकाला गुंडाळलेला कागद काढला. माझ्या डावीकडे बसणाऱ्या तपासनिसाचं अक्षर होतं: ‘एक. सगळ्यांचं झाल्यावर, उभ्याने, थंड. आणि भूक नव्हतीच असं म्हणत.’

“थंड लिहिलंय त्याने,” वहिनी म्हणाली, “पण मी गरम ठेवलंय. खा.”

“मला भूक नव्हतीच,” मी म्हटलं आणि झाकण काढलं.

दोनशे चौदा. शून्य तफावतीवर माझा विश्वास बसत नाही, म्हणून मी ताटं पुन्हा मोजली. तेवढीच भरली. वित्तप्रमुखांनी करारावर सही केली, तेव्हा त्यांच्या रुमालाला गोडाचा डाग होता. इतिवृत्तात मात्र समितीच्या दूरदृष्टीचा उल्लेख आहे.

आता ही पद्धत कायम झाली आहे आणि इतर कंपन्यांनीही फॉर्म मागून नेले आहेत. हे वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर कोणीतरी आलं असेल, सूप म्हणत गोडापाशी उभं असलेलं. तुम्हाला हसूही आलं असेल. स्वाभाविक आहे. उजवीकडे बघताना सगळ्यांनाच येतं. तुमच्या डावीकडे बसणाऱ्यालाही आलं होतं, म्हणून त्याने जास्तीचा कागद मागून घेतला.