बिनआवाजाचा कीबोर्ड

“पोर झोपलं म्हणून घर चूप करू नकोस गं. एकदा शांतता केलीस की मग तीच राखत बसावी लागते,” असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा ती बाळाच्या बाटल्या उकळत होती. ती म्हणाली, “हो आई.” त्या घरात ‘हो आई’चा अर्थ ‘ऐकलं, पण करणार नाही’ असा होता. हे दोघींनाही ठाऊक होतं आणि त्यामुळेच दोघींचं बरं चाललं होतं.

तशी ती शिकलेली, नोकरी करणारी, हुशार बाई. पण मूल झाल्यापासून छातीत एक कायमची धडधड येऊन बसली होती. ठमी रडली की तिला वाटे, हिला काहीतरी दुखतंय. ठमी रडली नाही की वाटे, काहीतरी फारच दुखतंय. पोर शांत झोपलं की ती त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघे. बोट गार असे. ठमी दचकून उठे आणि श्वास व्यवस्थित चालू असल्याची खात्री मग सगळ्या मजल्याला पटे.

तिचं काम म्हणजे कंपनीच्या बैठकीत कोण काय बोललं, काय ठरलं, हे बोलणं चालू असतानाच टाइप करायचं. बाळंतपणाची रजा संपल्यावर तिच्या मॅडमनी काही दिवस घरून काम करायची सवलत दिली होती. “जमलं तर पुढे बघू,” इतकंच म्हणाल्या होत्या. नाही जमलं तर ती ऑफिसात आणि ठमी पाळणाघरात. पाळणाघर ती बघून आली होती. तिथे एक मूल अत्यंत एकाग्रतेने दुसऱ्या मुलाचा बूट चाटत होतं आणि तिथल्या ताई कौतुकाने म्हणाल्या होत्या, “आमच्याकडे मुलं लवकर स्वावलंबी होतात हं.” तेव्हापासून तिच्या स्वप्नात बूट येत.

या सगळ्यात आड आला तो कीबोर्ड. साधासुधा नव्हे, मेकॅनिकल. म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच, स्विचच्या पोटात बारीक स्प्रिंग. बटण दाबलं की ‘टक्’, सोडलं की ‘टुक्’. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला तिने नवऱ्यासाठी चोरून हा कीबोर्ड मागवला होता आणि नवऱ्याने तिच्यासाठी चोरून अगदी हाच. तेव्हा दोघांना तो आवाज गोड वाटला होता. लग्नाला वर्षच झालं होतं. नवऱ्याचा नंतर कपाटावर जाऊन पडला. तिचा मात्र अखंड खडखडत राहिला. दिवस भरत आले तरी पोट टेबलाच्या कडेला टेकवून ती त्यावर टाइप करत बसलेली असे. लॅपटॉपच्या स्वतःच्या बटणांवर ठमी एकदा मनसोक्त दूध ओकली, त्यानंतर तर दुसरा इलाजच उरला नाही.

“तुमच्याकडे फरशी फोडतायत का हो?” शुक्रवारची बैठक संपताना मॅडमनी विचारलं.

“नाही मॅडम. मी टाइप करतेय.”

“अगंबाई! मला वाटलं, वरच्या मजल्यावर घोडा पाळलाय कोणी. हे बघा, सोमवारी मोठे साहेब असणार आहेत. शेवटचा विषय घरून काम करणाऱ्यांचाच आहे. तेवढा तो आवाज बघा.”

“माइक बंद ठेवू का?”

“आणि मी ‘हे लिहिलं का’ म्हणून विचारलं की? खुणेने सांगणार? आवाज बघा.”

तिने हिशेब मांडला. आवाज गेला की नोकरी घरात राहील आणि ठमीलाही धड झोप मिळेल. एवढ्या खडखडाटाशेजारी ते पोर आजवर झोपत कसं होतं, याचंच तिला नवल वाटे. दमून ग्लानी येत असेल, असा निष्कर्ष तिने काढला होता आणि त्याचंही तिला वाईट वाटत होतं.

“नवीन घेऊन टाकू की,” नवरा म्हणाला.

“सोमवारच्या आत यायला हवा ना! आणि व्हिडिओत तो माणूस सांगतोय, स्विच उघडून आत ग्रीस लावलं की आवाज जातो.”

“कोण माणूस?”

“त्याचे फक्त हातच दिसतात.”

“तोंड लपवतोय म्हणजे बघ!”

पण नवरा भला होता. शनिवारी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली गेली. बेत असा होता की, सगळ्यात जास्त आवाज करणाऱ्या लांब बटणाचाच तेवढा बंदोबस्त करायचा. तो झाला. ते बटण मऊ पडलं, पण त्याबरोबर शेजारच्या बटणांचा आवाज दुप्पट ऐकू यायला लागला. ती शांत केली तेव्हा वरची रांग किंचाळायला लागली. दुपारपर्यंत बटणांच्या सगळ्या टोप्या उपटलेल्या, सगळे स्विच उघडे आणि स्प्रिंगा टोळांसारख्या उडत होत्या. एक सासूबाईंच्या चष्म्यावर टण्णकन आपटली.

“मी काही बोलले का?” सासूबाई म्हणाल्या आणि खुर्ची उचलून गॅलरीत गेल्या.

व्हिडिओतले हात सांगत होते, ग्रीस अगदी नावाला लावा. पण ठमीला तेल चोळताना तिचा जो हात सुटायचा, तोच इथेही सुटला. प्रत्येक स्विच न्हाऊन निघाला. रविवारी सगळी जुळणी करून टोप्या बसवल्या. एक टोपी कमी होती.

“प्रश्नचिन्ह कुठेय?”

“असेल इथेच,” नवरा म्हणाला.

“इथेच म्हणजे कुठे? सकाळी ठमी टेबलापाशी होती. तिच्या तोंडात काहीतरी होतं!”

“तिचा हात होता.”

“हाताच्या आत काय होतं?”

त्यानंतर घर उलटंपालटं झालं. सोफा सरकला, गाद्या झटकल्या, कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर ओतून त्यातली साल अन् साल तपासली. नवरा पोटावर सरपटत कपाटाखाली गेला आणि तिथून त्याने आपला हरवलेला मोजा तेवढा शोधून आणला. तिने ठमीचं तोंड उघडून आत टॉर्च मारला. ठमीने टॉर्च चाटला. शेवटी डॉक्टरांना फोन झाला.

“काय गिळलंय म्हणालात?”

“प्रश्नचिन्ह. म्हणजे बटण. कीबोर्डचं.”

“गिळताना बघितलंत?”

“नाही.”

“रडतेय? ओकतेय? श्वासाला काही त्रास?”

“नाही हो, हसतेय. तेच तर काळजीचं आहे!”

डॉक्टर सौम्य आवाजात म्हणाले, “घेऊन या. बाळाला बघतो, आणि तुम्हालाही एक झोपेची गोळी देतो.”

ती ठमीला गुंडाळून चपला शोधत होती, तेवढ्यात गॅलरीतून आत आलेल्या सासूबाई मुलाकडे बघून म्हणाल्या, “अरे, तुझ्या कोपराला काय चिकटलंय?”

ग्रीसमध्ये घट्ट रुतलेलं प्रश्नचिन्ह सकाळपासून नवऱ्याबरोबर घरभर स्वतःचा शोध घेत फिरत होतं.

ते जागेवर बसलं आणि कीबोर्ड पूर्ण झाला. तिने टाइप करून पाहिलं. लोण्यात बोट बुडवल्यासारखं बटण आत जाई आणि तसंच बाहेर येई. आवाज म्हणून नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

सोमवारी नवरा ऑफिसला गेला. ठमी दूध पिऊन पाळण्यात झोपली आणि रोजच्यासारखी तिच्या शेजारीच लॅपटॉप मांडून ती बैठकीला बसली. मोठे साहेब आले. बोलणं सुरू झालं. ती टाइप करू लागली. खोलीत इतकी शांतता होती की तिला स्वतःची धडधड ऐकू येत होती.

ठमीने एक डोळा उघडला. मग दुसरा. छताकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि भोंगा लावला.

सासूबाई धावत आल्या. “जा, तू बाहेर जा. मी बघते.” ती लॅपटॉप, कीबोर्ड, वायरी असं सगळं पोटाशी धरून हॉलमध्ये आली. आतून रडणं, जोजवणं, थोडी शांतता आणि परत रडणं, असं आळीपाळीने चालू होतं. मॅडमचा चेहरा पडद्यावर बारीक झाला.

“तुम्ही लिहिताय ना?” त्यांनी विचारलं. “काहीच आवाज येत नाहीये.”

“लिहितेय मॅडम! आवाज घालवलाय.”

“कळत नाही हो त्यामुळे. लिहिताय की नुसत्या बसलाय.”

तिला हसावं की रडावं समजेना. रडण्याचं काम आत चालूच होतं. चहाच्या सुट्टीत ती आत पळाली. सासूबाई घामाघूम झाल्या होत्या.

“आई, हिला दुखतंय का काही?”

“दुखत कसलंय! टकटक हवीय तिला. पोटात असल्यापासून ऐकतेय. हासुद्धा असाच होता, तुझा नवरा. मी घरी टायपिंगची कामं आणायची आणि हा टेबलाखाली झोपायचा. मशीन दुरुस्तीला गेलं, तर ते परत येईस्तोवर घरात कोणाच्या डोळ्याला डोळा लागला नाही.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं होतं. तू ‘हो आई’ म्हणालीस.”

तिने घाईघाईने मोबाईलवर टकटकीचा व्हिडिओ शोधून लावला. ठमी हुंदके देत ऐकू लागली, पापण्या जड झाल्या आणि मध्येच जाहिरात ओरडली, “अभिनंदन! आपण भाग्यवान ठरलात!” ठमीने पहिल्यापेक्षा वरचा सूर लावला. तिकडे सुट्टी संपली होती.

कपाळ बडवायला वेळ नव्हता. ती परत हॉलमध्ये येऊन बसली. आत स्टूल ओढल्याचा आवाज आला, कपाटावरून काहीतरी खाली निघालं आणि एकदम सुरू झालं, टकटक टुक, टकटक टुक, दमदार आणि एका लयीत. नवऱ्याचा कीबोर्ड! वायर तशीच लोंबत असणार. सासूबाई आयुष्यभर टायपिस्ट होत्या. त्यांच्या बोटांना कागद लागत नव्हता. ठमीचा आवाज हळूहळू विरला.

“हां,” बंद दारातून येणारी ती टकटक ऐकून मॅडम समाधानाने म्हणाल्या, “आता लिहिताय.”

“बरं वाटतं ऐकायला,” मोठे साहेब म्हणाले. “कोणीतरी काम करतंय असं वाटतं. बाकीच्यांचा का येत नाही?”

अशी बैठक चालली. इकडे ती बिनआवाज खरं लिहीत होती, तिकडे सासूबाई आवाजासकट काहीच लिहीत नव्हत्या आणि पगार आवाजाचा मिळणार होता. एक विषय संपला, दुसरा संपला. टकटक चालूच.

“आता शेवटचा विषय,” मॅडम म्हणाल्या, “घरून काम करणाऱ्यांचा.”

मोठ्या साहेबांनी घसा साफ केला. “याबाबत माझं मत असं आहे की...”

आतली टकटक मंदावली. दोन बटणांमध्ये अंतर पडायला लागलं. मग एक ‘टक्’ आला आणि त्याचा ‘टुक्’ आलाच नाही.

ठमीचा आवाज नाही. सासूबाईंचाही नाही. तिची बोटं साहेबांचं वाक्य टिपत होती आणि मान दाराकडे वळली होती. सकाळी जिना चढताना सासूबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या होत्या. “काही नाही गं, चप्पल सरकली,” म्हणाल्या होत्या. चप्पल सरकली तर माणूस छातीवर हात ठेवतं का?

“लिहिताय ना?” मॅडमनी विचारलं. साहेबही थांबून बघू लागले.

तिला आता उठता येणार नाही. ती उठली तर पाळणाघर, आणि पाळणाघर म्हणजे बूट. तुम्ही नुसते वाचताय, तुम्हाला मात्र उठता येईल. म्हणून एवढं करा, जरा आत जाऊन सासूबाईंना बघून या. दार ढकलू नका, किंचित वर उचलून उघडा, करकरतं. स्टुलावर बसल्या बसल्या भिंतीला डोकं टेकून त्यांचा डोळा लागला असेल, चष्मा नाकावर उतरला असेल, बोटं बटणांवर तशीच असतील. तसंच असेल. तरीही नाकाखाली बोट धरून बघा. हात आधी चोळून गरम करा. श्वास नीट चालला असेल तर उठवू नका, दमल्यात फार. त्यांच्या शेजारी बसा आणि बटणं दाबत राहा. कुठलीही चालतील.