दोघांपुरती बोट

मार्तंडराव धकाते बोट घेणार आहेत, हे त्यांच्या पत्नीला, म्हणजे गोपिकाबाईंना, शेजारच्या करिष्माकडून कळलं. गच्चीवर कपडे वाळत घालता घालता करिष्मानं विचारलं, की काका बोट ठेवणार कुठं. गोपिकाबाईंना वाटलं, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी मशीनवर बोट ठेवायचं असतं, त्याबद्दल ती विचारते आहे. त्यांनी बँकेचं नाव सांगितलं. करिष्मा म्हणाली, बँकेत कशी मावेल. दोघी थोडा वेळ अशाच वेगवेगळ्या विषयांवर बोलल्या आणि मग गोपिकाबाई खाली आल्या.

मार्तंडराव सोफ्यावर मोबाईल घेऊन बसले होते. त्यांनी काही लपवलं नाही. शिडाची बोट घ्यायची, छोटी, वेगवान, गाडीमागं ओढून नेता येईल अशी. फक्त कोणती घ्यायची तेवढं ठरायचं बाकी आहे, असं त्यांनी सांगितलं.

मार्तंडरावांची सारी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात गेली होती. तिथं पाणी भरपूर होतं, पण ते एक तर उकळायचं असायचं, नाही तर गार करायचं. पाण्यावर नुसतं जाऊन बसावं, असं त्यांना निवृत्तीपर्यंत सुचलं नव्हतं. सुचल्यावर मात्र ते गोव्याला जाऊन चार दिवसांचं शिबिर करून आले आणि झिंगाबाई टाकळीच्या घरात वाऱ्याच्या दिशेबद्दल बोलू लागले.

अडचण माणसांची होती. बऱ्याच बोटींना तीन-चार माणसं लागत. मार्तंडरावांचे जुने सहकारी मधुकरराव आधी हो म्हणाले होते, पण बोट कलंडते हे कळल्यावर त्यांचा गुडघा दुखू लागला. दुसऱ्या एका मित्राला धरणाच्या भिंतीवरून खाली पाहिलं तरी गरगरायचं. तेव्हा कमीत कमी माणसांत चालणारी बोट हवी, असं ठरलं. कमीत कमी माणसं म्हणजे मार्तंडराव आणि गोपिकाबाई. गोपिकाबाईंना हे ठरल्यानंतर सांगण्यात आलं.

"मी काही शिकनार नाही," गोपिकाबाई म्हणाल्या. "एक काम सांगा, ते करीन. दोन सांगितले तं येनार नाही."

मार्तंडरावांना ही अट सोयीची वाटली.

धरमपेठेत गिर्यारोहणाचं सामान विकणारा अमोल हल्ली पाण्यावरच्या खेळांचंही सामान आणून देत असे. त्यानं दोन बोटी मागवल्या आणि फाल्गुनातल्या एका रविवारी सकाळी रामटेकच्या पुढं एका तलावाच्या काठावर आणून ठेवल्या. पहिली रुंद आणि स्थिर होती. मार्तंडराव अमोलला घेऊन तीत एक फेरी मारून आले आणि ही बोट नसून कोळशाची वाघीण आहे, असं म्हणाले. दुसरी अरुंद, हलकी, एकाच शिडाची होती. ती काठावर उभी असतानाच हलत होती.

मार्तंडरावांनी अमोलला एकच प्रश्न विचारला. पाण्यात असताना दुसरा माणूस ऐन वेळी निकामी झाला तर काय? अमोल म्हणाला, चिंता नाही, एकटा माणूसही ही बोट परत आणू शकतो. गोपिकाबाई शेजारीच उभ्या होत्या. दुसरा माणूस कोण, हे त्यांनी विचारलं नाही.

वारा बाजूनं होता. अशा वाऱ्यात सरळ पलीकडे जायचं आणि बोट वळवून सरळ परत यायचं, इतकं सोपं असतं, असं अमोलनं समजावलं. मी सोबत येतो, असंही तो म्हणाला. पण दोघांची बोट दोघांनीच तपासायची, यावर मार्तंडराव ठाम होते. गोपिकाबाईंनी पंजाबी ड्रेसवर नारिंगी जॅकेट चढवलं आणि त्या बोटीत बसल्या. मार्तंडरावांनी सुकाणूचा दांडा स्वतःकडे घेतला आणि शिडाची दोरी गोपिकाबाईंच्या हातात दिली.

"हे तुहं काम," ते म्हणाले. "काही झालं तरी सोडू नको."

बोट निघाली. दोरी ताणली, शीड फुगलं आणि बोट एका अंगावर कलली. कलली की बोटीच्या तळातल्या पट्ट्यांत पाय अडकवायचे आणि अंग बाहेर टाकायचं, हे मार्तंडराव गोव्यात शिकले होते. त्यांनी दोन्ही गोष्टी केल्या. फक्त अंग आधी बाहेर टाकलं.

ते पाण्यातून वर आले तेव्हा बोट बरीच पुढं गेली होती. जॅकेटमुळं बुडण्याचा प्रश्न नव्हता. गोपिकाबाई दोरी धरून मागं पाहत होत्या. सुकाणूचा दांडा इकडून तिकडं आपटत होता, म्हणून त्यांनी तो बगलेत दाबून धरला. त्यामुळं बोट अगदी सरळ जाऊ लागली. दोरी सोडली की शीड सैल पडतं आणि बोट जागेवर थांबते, हे मार्तंडरावांना ठाऊक होतं. त्यांनी तोंडातलं पाणी थुंकलं आणि सारा जोर लावून ओरडले.

"सोड वं! सोड!"

वाऱ्यात त्यातला 'स' तेवढा वाहून गेला. गोपिकाबाईंना "ओढ वं! ओढ!" असं ऐकू आलं. त्यांना हे जरा जास्तच वाटलं, पण त्यांनी ओढली. वेग वाढला.

इकडे अमोल मदतीला निघाला. अशा वेळेसाठी ठरवून ठेवलेली मोटरबोट पर्यटकांना घेऊन गेली होती. काठाशी फक्त पायडल मारायच्या बोटी होत्या, त्यातली एक सुटी होती. ती राजहंसाच्या आकाराची होती. अमोलनं त्या हंसात बसून मार्तंडरावांना गाठलं, मोठ्या कष्टानं वर ओढलं, आणि मग दोघंही पायडल मारत गोपिकाबाईंच्या मागं लागले. हंसाची मान उंच असल्यानं पुढचं नीट दिसत नव्हतं. जे दिसलं, त्यात शीड लहान लहान होत गेलं आणि शेवटी समोरच्या काठाला लागून थांबलं. तिथवर हंसानं पोचायचं म्हणजे दुपार झाली असती, म्हणून ते मागं फिरले आणि गाडीनं निघाले.

रस्ता तलावाला मोठा वळसा घालून जात होता. मार्तंडराव ओल्या कपड्यांनी सीटवर बसले होते. अर्ध्या रस्त्यात अमोलनं विचारलं, की काकूंना पोहता येतं ना. मार्तंडरावांनी बराच वेळ विचार केला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा विषय कधी निघाला नव्हता. तिला पाण्याची भीती वाटते का, हेही त्यांना माहीत नव्हतं. बोटीत बसताना ती काही बोलली नव्हती, आणि त्यांनी काही विचारलं नव्हतं.

"जरा जोरात चालव गा," ते म्हणाले.

पलीकडच्या काठावर बोट नव्हती. चिखलात ती घासत वर आल्याची खूण होती, पुष्कळशी पावलं होती आणि पुढं नुसतं पाणी. मार्तंडराव त्या खुणेजवळ गेले आणि तिथंच खाली बसले.

तेवढ्यात हरभऱ्याच्या शेतातून एक बाई आली. तिचं नाव भारती. तिच्यामागून तिचा नवरा श्रावण आला. ओला माणूस चिखलात बसलेला पाहून भारतीनं विचारलं, की काका, तुमी त्या बोटवाल्या काकूचे का?

मार्तंडरावांनी मान हलवली.

"त्या तं गेल्या," भारती म्हणाली. "चहा घेतला अन् गेल्या. म्हने, आमचे हे तिकडं वाट पाहून राह्यले असतीन."

"कशी गेली?"

"ह्याईनं बोट फिरवून देली," नवऱ्याकडं बघत भारती म्हणाली, "अन् देला धक्का. त्याईनं दोरी ओढली, गेल्या. ते पाहा ना."

मार्तंडरावांनी पाहिलं. तलावाच्या मधोमध पांढरं शीड चाललं होतं, किंचित कललेलं, सरळ. एवढा अभ्यास करूनही लांबून चाललेली शिडाची बोट त्यांनी अशी निवांत कधी पाहिली नव्हती. ते उभे राहून पाहत राहिले. मग त्यांना थंडी वाजू लागली. भारतीनं चहा दिला, श्रावणनं आपली निळ्या चौकटीची लुंगी आणि एक सदरा आणून दिला, आणि मार्तंडराव कपडे बदलून पुन्हा गाडीत बसले.

मोठा वळसा घालून ते परत पोचले तेव्हा बोट काठावर ओढून ठेवलेली होती. गोपिकाबाई तिच्या कडेवर बसून ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलून खात होत्या. मार्तंडराव त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. रस्त्यात त्यांनी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं.

"मी सोड म्हनलं होतं," ते म्हणाले.

"मले ओढ आयकू आलं," गोपिकाबाई म्हणाल्या. "बरंच झालं. सोडली असती तं मधातच बसून राह्यलो असतो."

"तुले पोहता येते का?"

"नाही." त्यांनी एक घाटा सोलून मार्तंडरावांच्या हातावर ठेवला. "तुमी पडले तवा लय भेव लागलं होतं. मंग तुमी वरडले, तं म्हनलं, ठीक आहेत."

अमोलनं घसा खाकरला. या सगळ्यानंतर काकांना ती रुंद बोटच बरी वाटेल, असं तो म्हणाला. मार्तंडराव लगेच हो म्हणाले. दोघांनी वापरायची म्हणजे स्थिरच हवी, आपण सुरुवातीलाच घाई केली, असंही त्यांनी कबूल केलं. गोपिकाबाईंनी त्या रुंद बोटीकडं एकदा नजर टाकली आणि पुन्हा हरभऱ्याकडं वळल्या. बोलणं जवळजवळ मिटलं होतं. मग त्यांचं लक्ष खाली गेलं.

"हे लुंगी कोनाची घालून आले तुमी?"

"पल्याडच्या त्या श्रावनची. अंगावरचं सारं ओलं होतं."

"त्याईची रोजची लुंगी आनली? मंग वापस द्याले जा लागन ना."

मार्तंडरावांनी गाडीकडं पाहिलं. अर्धा दिवस रस्त्यातच गेला होता. पुन्हा तो सगळा वळसा घालायचा, पुन्हा परत यायचं. अमोलचाही चेहरा उतरला. आज राहू दे, पुढच्या रविवारी निवांत जाऊ, असं मार्तंडरावांनी सुचवलं. गाडीनं फार लांब पडतं, हेही सांगितलं.

गोपिकाबाईंनी हात झटकले, जॅकेटचे बंद आवळले आणि अरुंद बोटीच्या मागच्या बाजूला, सुकाणूपाशी जाऊन बसल्या.

"गाडीनं कोन जाऊन राह्यलं?"