सगळे दात निरोगी

डॉ. शालिनी परुळेकर माणसाच्या डोळ्यांत बघून कधी बोलल्याच नाहीत. त्या दातांशी बोलायच्या. घाटकोपरच्या एका म्युनिसिपल शाळेत मी मुख्याध्यापक होतो. त्या पहिल्यांदा मुलांचे दात तपासायला आल्या, तेव्हा मी हात जोडून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "वरची डावी दाढ कोणी काढली, सर? गवंड्यानं?"

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. आमचा शिपाई त्यांच्या लेखी 'सुपारी' होता. एकदा विचारलं, "ते फटवाले साहेब परत आले का हो?" शिक्षणाधिकारी मागेच उभे होते.

पोरांना 'आ कर' म्हणण्याआधी त्या स्वतः आ करायच्या आणि टॉर्च पोरांच्याच हाती द्यायच्या. दुसरीतली एक मुलगी ओरडली, "बाई, तुमचा पण किडलाय!" डॉक्टरबाई इतक्या खूश झाल्या, की अख्ख्या वर्गाला रांगेनं तो दात दाखवला. "बघा, डॉक्टरचा पण किडतो. लाजायचं काय त्यात?" मधल्या सुट्टीपर्यंत जेमतेम एक वर्ग व्हायचा.

आणखी एक सवय होती. हातमोजे चढवले की त्या पेनाला शिवत नसत. म्हणून सकाळीच तपासणी-वहीच्या सगळ्या पानांवर सह्या करून ठेवायच्या. त्या सांगत, मी लिहीत असे.

एका वर्षी सहावी आणि सातवी राहून गेली. ऑफिसातून फोन आला, अहवाल उद्याच हवा. पानं सही केलेली होतीच. मी बसलो आणि नावापुढे नाव 'निरोगी' लिहीत गेलो. खरं वाटावं म्हणून चार-पाच जणांपुढे 'ब्रश नीट करावा' असंही लिहिलं.

पुढे सातवीतल्या एका मुलीचा किडलेल्या दाढेमुळे जबडा सुजला. तिला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. ती बरी झाली, पण चौकशी लागली. चौकशीला आलेल्या साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, "डॉक्टरांनी सांगितलं तसं लिहिलं."

डॉक्टरबाईंची शाळाशाळांतून फिरायची गाडी काढून घेतली आणि त्यांना ऑफिसात टेबलाच्या कामाला बसवलं. त्यानंतरच्या एका शनिवारी त्या रजा टाकून शाळेत आल्या. "सर, व्हरांड्यात दोन बाकं द्या. सहावी-सातवी राहिलीये ना." मी बाकं दिली. एवढंच दिलं. त्या सलग चार शनिवार आल्या.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर, गेल्या महिन्यात मी सगळं खरं लिहून काढलं, खात्याच्या नावानं, सहीसकट. ते पत्र घेऊन मुलुंडला त्यांच्या घरी गेलो. त्या एकट्याच राहतात. दार उघडताच म्हणाल्या, "कवळी सैल झालीये तुमची."

चष्मा लावून त्यांनी पत्र वाचलं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"मी तर काही सांगितलंच नव्हतं. अक्षर तुमचंच होतं ना, सर."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमची बदली झाली असती. नवीन मुख्याध्यापकानं मला गेटच्या आत तरी घेतलं असतं का? पोरांचे दात कोण बघणार होतं?"

त्यांनी चहा केला. मला वाटलं, विषय संपला. मी निघालो तेव्हा पत्र अजून त्यांच्या हातात होतं.

"याची एक झेरॉक्स द्याल मला?" दातांकडे नाही, त्या जमिनीकडे बघत होत्या. "भावाला पाठवायचीये. तो अजून म्हणतो, ताई, तू असं करायला नको होतंस."

झेरॉक्स काढायला मी निघालो, तर पत्र हातातच धरून त्याही चपला घालून माझ्याबरोबर निघाल्या.