दत्तूभाऊंची टाकाऊ जागा

दत्तूभाऊंना एखादी गोष्ट आवडली, की ते चारचौघांत तिची नालस्ती सुरू करत. दारातल्या आंब्याला ते 'अगदी टाकाऊ' म्हणत, म्हणून किहीममध्ये त्याच्यावर कुणी दगड मारला नाही. बायको होती तेव्हा तिच्या हातचं कालवणही टाकाऊच. पाहुणे त्यांच्याकडे जेवायला थांबत नसत आणि भाऊ पातेलं पुसून खात.

सन तीसच्या आसपासची गोष्ट. रेवस बंदरावर कारकुनी करून ते घरी बसले होते, मी गावचा शाळामास्तर. वर्षभर माझी पारख केल्यावर एका संध्याकाळी म्हणाले, "चला मास्तर, एक टाकाऊ जागा दाखवतो. पण तोंड बंद!"

ती बरक्या भंडाऱ्याची वाडी. दिवेलागणीला माडावरून ताजी माडी उतरायची आणि चार-पाच म्हातारे करवंट्या घेऊन वाळूत बसायचे. एक कंदील, चुलीत भाजलेले सुके बोंबील आणि गप्पा. एकाच्या जाळ्यात कधीकाळी पाकट मासा आला होता, तो दर संध्याकाळी वीतभर वाढायचा. परगावच्या कुणी वाडीची वाट विचारली, तर भाऊ गंभीर चेहऱ्यानं सांगत, "तिकडे विंचू फार. परवाच एक गेला."

मला मेली लिहिण्याची खाज! मुंबईच्या एका वर्तमानपत्राला टोपणनावानं लेख धाडला. त्या संध्याकाळींचं तोंडभरून कौतुक केलं, वर वाडीचा पत्ताही दिला, मोठ्या शहाण्यासारखा.

मग काय, बोटीनं रेवसला उतरलेली टोळकी टांगे करून थेट वाडीत येऊ लागली. कुणी ग्रामोफोन आणला. बरक्यानं बाकं ठोकली, बत्त्या टांगल्या, माडीत पाणी घालायला सुरुवात केली. लोक माझा लेख हातात धरून विचारायचे, "ते पाकटवाले आजोबा कुठायत?" आजोबांनी तोंड मिटलं आणि येणंच सोडलं. बाकीचेही पांगले. भाऊ काही दिवस एका बाकाच्या टोकाला अंग चोरून बसत. मग तेही दिसेनासे झाले.

एके दिवशी मी बरक्याला विचारलं, तो बत्तीत हवा भरत होता.

"न्हाय बा दिसले. या गर्दीत कोन आला न् कोन गेला, काय ठावं!"

मी त्यांच्या घरी गेलो. भाऊ ओटीवर भिंतीला टेकून बसले होते, गालफडं आत गेलेली.

"लेख वाचला," ते म्हणाले. "तुमचाच ना? छान लिहिलाय."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"वाडीत आमची एक रीत होती, मास्तर. दिवा लागला आणि एखादा आलेला नसला, तर करवंटी तोंडाला लावायच्या आधी कुणीतरी त्याच्या घरी बघून यायचा. ही गेल्यापासून माझा सगळा भरवसा त्यावरच. गेले आठ दिवस तापानं पडून होतो. पहिले दोन दिवस दाराची कडी काढून ठेवली होती. मग लावून घेतली."

मला त्यांच्याकडे बघवेना. मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो, पण खिशातली वही-पेन्सिल बाहेर काढली नाही. दुसऱ्या लेखासाठी पाकटाची गोष्ट नीट विचारून घ्यायला मी आलो होतो, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.