मागच्या सीटचा आवाज

गाडीला हात लावायचा नाही असं बायकोने बजावलं होतं, तरी नवऱ्याला राहवलं नाही. मडगार्डच्या आत अंग चोरून बसलेली मागची चाकं त्याला बघवत नसत. जरा बाहेर आली तर कशी दिसतील, एवढ्या कुतूहलापोटी त्याने मागे रुंद टायर घातले आणि चाकं बाहेर सरकवायला आतून जाड चकत्या, म्हणजे स्पेसर, बसवून घेतल्या.

"दिसतंय झकास," टायरवाला म्हणाला, "पण मागे वजन आलं की टायर मडगार्डला घासणार."

"मागे बसतंय कोण?"

त्याच आठवड्यात सासूबाई राहायला आल्या. त्या विज्ञानाच्या शिक्षिका. नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, प्रश्न विचारण्यातून नाही. स्टेशनहून येताना पहिल्याच गतिरोधकावर मागून आवाज आला, खर्रर्र.

"काय वाजलं हो?"

"रस्ता, आई," जावई म्हणाला.

"रस्ता कसा वाजेल?"

पुढच्या गतिरोधकाआधी त्या उजवीकडून डावीकडे सरकल्या. आवाजही सरकला. मग गाडी थांबवून त्या खाली उतरल्या आणि मागची सीट रिकामी ठेवून गाडी गतिरोधकावरून पुढे-मागे न्यायला लावली. जराही आवाज नाही. पुन्हा आत बसल्या. खर्रर्र.

"म्हणजे मीच," त्या शांतपणे म्हणाल्या.

"काहीतरीच काय गं आई," पुढे बसलेली मुलगी म्हणाली. गाडीच्या चाकांकडे तिने जन्मात कधी पाहिलं नव्हतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने गिअर बदलला.

जेवताना सासूबाईंनी निम्मंच वाढून घेतलं.

"अजून घे ना आई."

"नको. गाडी वाजते."

सकाळी त्या फिरायला गेल्या, संध्याकाळी पुन्हा गेल्या. "माझ्या घरी येऊन माझ्या आईने उपाशी राहायचं?" बायकोने स्वयंपाकघरात डोळ्यांना पदर लावला. जावई ताटावरून उठला. तो तडक टायरवाल्याकडे गेला.

"कोण बसलं मागे?"

"सासूबाई."

टायरवाल्याने लगेच जॅक लावला. मूळचे टायर चढले, चकत्या डिकीत गेल्या.

"बघा आई, आवाज गेला," दुसऱ्या दिवशी जावई उत्साहाने म्हणाला. "आता पोटभर जेवा."

"गेला ना? म्हणजे उपाय लागू पडतोय," असं म्हणून त्यांनी आदल्या दिवसापेक्षाही कमी वाढून घेतलं.

शेवटी बायको बाहेर गेल्याचं पाहून जावयाने सगळं कबूल केलं. सासूबाई चहा घेत ऐकत राहिल्या.

"ठाऊक आहे मला. खाली उतरले तेव्हाच दिसलं. पोराने बापाचे बूट घालावेत तशी दिसत होती गाडी."

"मग जेवण कशाला कमी केलंत?"

"वजन उतरवा, गुडघे वाचतील, असं डॉक्टर कधीचे सांगतायत. पण नको म्हटलं की तुमची बायको दोन घास जास्तच वाढते. तिने डॉक्टरांचं ऐकलं नाही, तुमच्या गाडीचं ऐकलं."

जावयाचा जीव भांड्यात पडला. "मग तिला सांगणार नाही ना?"

"छे. तुम्ही फक्त त्या चकत्या नीट ठेवा. पुढच्या महिन्यात माझी धाकटी बहीण येतेय. तिचेही गुडघे दुखतात."